दान, कृपादान आणि फळ

दृढीकरण संस्काराची तयारी करणारी आपल्या धर्मग्रामांतील मुले पवित्र आत्म्याची सात दाने एका दमात म्हणून दाखवितात : सुज्ञान, समज, सुमंत्रणा, बल, ज्ञान, भक्ती आणि परमेश्वराचे भय. संस्कार पार पडतो, छायाचित्रे निघतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ती यादी तेथेच राहते. पुढे कधीतरी हीच मंडळी एखाद्या प्रार्थनासभेस जातात. तेथे कोणी अन्य भाषांत देवाची स्तुती करतो, कोणी रोगमुक्तीची साक्ष देतो. घरी परतल्यावर मनात शंका उरते : ‘मी इतकी वर्षे प्रार्थना करते, उपवास करते. मला मात्र एकही दान का लाभले नाही? माझ्या श्रद्धेत काही उणे आहे काय?’ हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो आणि विचारणारे बहुधा अत्यंत श्रद्धाळू असतात. म्हणून त्याचा नीट विचार व्हावयास हवा.

गोंधळाचे मूळ पुष्कळसे शब्दात आहे. दृढीकरणाच्या वर्गात शिकविली जाणारी सात दाने वेगळी आणि संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात उल्लेखिलेली दाने वेगळी. बोलताना आपण दोहोंना ‘दान’च म्हणतो. या लेखात दुसऱ्या प्रकारास आम्ही ‘कृपादान’ म्हणू.

सात दानांचा उगम यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात आहे. इशायाच्या वंशातून येणाऱ्या मसीहावर परमेश्वराचा आत्मा कसा विसावेल, याचे ते वर्णन होय. मूळ हिब्रू संहितेत गुण सहाच आहेत; परमेश्वराच्या भयाचा उल्लेख तेवढा दोनदा येतो. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्यांपैकी एका ठिकाणी ‘भक्ती’ हा अर्थ योजिला, लॅटिन भाषांतराने तो स्वीकारला आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेत सात ही संख्या स्थिर झाली. (यातील ‘भय’ म्हणजे शिक्षेची धास्ती नव्हे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याचे मन आपल्यामुळे दुखावू नये ही ती काळजी.) दृढीकरणाच्या वेळी महागुरुस्वामी उमेदवारांवर हात पसरून जी प्रार्थना करतात, तीत हीच सात दाने मागितली जातात. ती निवडक भक्तांसाठी राखून ठेवलेली नाहीत. स्नानसंस्काराने कृपेत जन्मलेल्या प्रत्येकास ती मिळतात आणि दृढीकरणात बळकट होतात. ‘मला एकही दान नाही’ असे म्हणणाऱ्या त्या भगिनीला प्रथम हेच सांगावयाचे आहे की, तिला सातही दाने मिळालेली आहेत.

मग सद्गुण आणि दाने यांत भेद कोणता? विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार मूलभूत सद्गुण ज्ञानग्रंथाच्या आठव्या अध्यायात एकत्र आले आहेत. ग्रीक तत्त्ववेत्त्यांनाही ते परिचित होते. सवयीने, शिस्तीने आणि पडत-उठत ते अंगी बाणतात. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरदत्त सद्गुण. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात असे विवेचन केले की, सद्गुणांमुळे मनुष्य विवेकबुद्धीला अनुसरून वागण्यास सिद्ध होतो, तर दानांमुळे तो पवित्र आत्म्याच्या प्रेरणेस सहज वश होतो. धर्मपंडितांनी यासाठी होडीचा दृष्टांत वापरला आहे. सद्गुण म्हणजे वल्ही आणि दाने म्हणजे शीड. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हे अधिक समजावून सांगावयास नको. वारा आपल्या हाती नसतो. शीड उभारणे मात्र नाविकाचेच काम.

आता करिंथ. हे ग्रीसमधील दोन बंदरांचे, व्यापाराने गजबजलेले शहर. पौल तेथे दीड वर्ष राहिला. अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे उतरून तंबू शिवण्याच्या व्यवसायावर त्याने उदरनिर्वाह केला. पुढे सुमारे इसवी सन ५५ मध्ये इफिसहून त्याने तेथील ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले, ते तिच्यात बखेडे माजले होते म्हणून. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण भरपेट जेवत आणि गरीब उपाशी राहत. त्याच सभेत अन्य भाषांत बोलण्याची अहमहमिका चाले. म्हणजे कृपादानांची रेलचेल आणि उपाशी शेजारी एकाच छताखाली होते. आमच्या मते बारावा अध्याय याच पार्श्वभूमीवर वाचावयास हवा.

पौल कृपादाने नाकारीत नाही. रोग बरे करणे, संदेश देणे, आत्मे पारखणे, भाषा आणि भाषांचा अर्थ ही सर्व तो आत्म्याचीच कामे मानतो. ती ज्याला मिळतात त्याच्या मिरवणुकीसाठी नसून सर्वांच्या हितासाठी आहेत, असे तो बजावतो. अध्यायाच्या अखेरीस तो जी यादी देतो, तीत अन्य भाषा सर्वांत शेवटी आहेत आणि त्यांच्या आधी ‘साहाय्य करणे’ व ‘व्यवस्था पाहणे’ ही दोन कृपादाने आहेत. आपल्याकडे यांवर प्रवचन क्वचितच ऐकू येते. व्यवस्थेसाठी पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ सुकाणू धरणे असा आहे. बंदराच्या गावाला तो नेमका कळला असेल. अंथरुणास खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी सून आणि धर्मग्रामाचा हिशेब चोख ठेवणारा प्रापंचिक या यादीत बसतात. प्रार्थनासभेत त्यांना कोणी व्यासपीठावर बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.

भाषेचे दान म्हटले की आम्हांस वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवतात. त्यांना जपानी भाषा एका रात्रीत अवगत झाली नव्हती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात आणि लोकांत वावरून ते ती शिकले. पुढे फ्रान्सिस्कन बंधू या नात्याने १५९३ मध्ये जपानला गेलेल्या मिशनरींचे ते दुभाषी झाले. कष्टाने मिळविलेली ती भाषा शुभवर्तमानाच्या कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले, तेव्हा त्यांच्या ठायी दिसले ते ‘बल’ हे सातांपैकी एक दान. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

पौलाने प्रीतीविषयीचा तेरावा अध्याय कृपादानांच्या दोन अध्यायांच्या मधोमध घातला आहे. विवाहसोहळ्यात तो वाचला जातो तेव्हा हा संदर्भ हरवतो. प्रीती नसेल तर भाषा, भविष्यकथन, डोंगर हलविणारी श्रद्धा, सारे निरर्थक, असे तो भांडणाऱ्या लोकांना सुनावीत आहे. प्रभू येशूने तर याहून कठोर इशारा दिला. त्याच्या नावाने भुते काढणाऱ्या व अद्भुते करणाऱ्या काहींना तो आपली ओळखच नाकारील (मत्तय ७). यावरून एवढे स्पष्ट होते की, कृपादान हे पावित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. पावित्र्य ओळखावयाचे ते फळांवरून. गलतीकरांस लिहिताना पौल प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी नऊ नावे घेतो. लॅटिन परंपरेत ती बारा झाली. फळ धरावयास ऋतू जावे लागतात. एका सभेत त्याची परीक्षा होत नाही.

व्हॅटिकन महासभेत १९६३ साली कृपादानांवर चर्चा झाली, तेव्हा अशी दाने आता विरळा असल्याचे काहींचे मत होते. बेल्जियमचे कार्डिनल सुएनेन्स यांनी ती ख्रिस्तसभेच्या नित्य जीवनाचा भाग असल्याचे आग्रहाने मांडले. १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात, साधी असोत वा असामान्य, कृपादाने कृतज्ञतेने स्वीकारावीत, पण असामान्यांच्या मागे उतावीळपणे लागू नये आणि त्यांची पारख धर्माधिकाऱ्यांकडे असावी, असे नमूद झाले. करिस्मॅटिक नवचैतन्याची चळवळ १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिने आपल्याकडील असंख्य कुटुंबांत बायबलवाचनाची गोडी लावली, दारू सोडविली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

रोगमुक्तीच्या प्रार्थनांविषयी रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००० मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अशा सभांत भावनोद्रेक, नाटकीपणा आणि सनसनाटी नसावी, असे त्यांत म्हटले आहे. आरोग्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे औषधोपचार नाकारणे नव्हे, हेही त्यांत आहे. तेव्हा ‘श्रद्धा असेल तर गोळ्या बंद करा’ असे कोणी सांगितल्यास ते ऐकू नये. मधुमेहाचे वा मनोविकाराचे औषध स्वतःहून थांबवू नये आणि अशी गोष्ट धर्मगुरूंच्या कानावर घालावी. रुग्णांसाठी ख्रिस्तसभेने स्वतंत्र संस्कारच ठेवलेला आहे. घरात कोणी गंभीर आजारी असल्यास किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरली असल्यास रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंना वेळेवर कळवावे. रुग्ण शुद्धीवर असतानाच तो संस्कार घेतलेला बरा.