पाळण्याशेजारचा कान

ताईच्या घरी रात्री दिवा मालवला की बाळाच्या खोलीतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पाल असेल. पाल नव्हती. कपाटावर ठेवलेल्या बेबी मॉनिटरच्या कॅमेऱ्याने नुकताच चष्मा उतरवला होता.

अगदी खरोखरचा चष्मा. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या चिपला आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. दिवसा तो आत शिरला तर रंग बिघडतात, म्हणून तिच्यापुढे तो अडवणारी काच बसवलेली असते. अंधार झाला की ती काच बाजूला सरकते (तोच तो ‘टक्’) आणि भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. काळोखात निजलेल्या बाळावर लख्ख झोत पडलेला असतो आणि खोलीत कुणालाच त्याचा पत्ता नसतो. पटत नसेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनांत पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. काही मॉनिटरांचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात. ते 850 नॅनोमीटरचे. 940 नॅनोमीटरचे मुळीच दिसत नाहीत, पण तिथे चिपची नजरही जरा अधू होते.

ताईच्या सासूबाईंना याचं काही विशेष वाटलं नाही. ‘आम्ही पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून निजायचो. बाळ चळवळलं की अंगठ्याला कळायचं.’ म्हणजे मॉनिटरच की, शिवाय त्याच दोरीने झोकाही देता येणारा!

विजेवर चालणारी ही दोरी 1937मध्ये अमेरिकेत आली. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचं 1932 साली अपहरण झालं होतं आणि श्रीमंत घरांतली भीती अजून ओसरली नव्हती. झेनिथ कंपनीने ‘रेडिओ नर्स’ काढली. तिचं बेकेलाइटचं रूप घडवलं इसामु नोगुची या शिल्पकाराने: कपाळावरून आवरण ओढून घेतलेल्या, चेहरा नसलेल्या डोक्यासारखं. पाळण्याजवळच्या डब्याने ऐकलेला आवाज भिंतीतल्याच विजेच्या तारांतून आईबापांच्या खोलीत पोचायचा.

आज तो हवेतून येतो, आणि या प्रवासाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पुष्कळ मॉनिटर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. तिथे गर्दी मंडईतली: वायफाय, ब्लूटूथ, शेजाऱ्याचा राउटर, वर मायक्रोवेव्हची गळती. मग दोन्ही डबे संगनमताने सेकंदाला अनेकदा वारंवारता बदलत पळतात. एका जागी गोंगाट असला तर असो, पुढच्या क्षणी ते दुसरीकडे गेलेले असतात. याच कल्पनेवर हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना 1942 साली पेटंट मिळालं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे पाळणा नव्हता, पाणतीर होता. शत्रूला त्याचा संदेश जाम करता येऊ नये म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोसारख्या छिद्रांच्या पट्ट्या वापरून 88 वारंवारतांवर उड्या मारायच्या, असा बेत.

खोक्यावर ‘300 मीटर’ लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. आपल्या इमारतींच्या सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये रेडिओलहरींची बरीच ताकद संपते. तेव्हा परत करायची मुदत आहे तोवर एक डबा पाळण्याजवळ ठेवावा आणि दुसरा घेऊन स्वयंपाकघर, न्हाणीघर, गच्ची असं फिरून यावं. वीज जाणाऱ्या गावात दोन्ही डब्यांना बॅटरी हवीच.

या यंत्रांची घडण परदेशी घर समोर ठेवून झालेली दिसते. आवाज झाला तरच जागा होणारा मॉनिटर आपल्या छताच्या पंख्यालाही बाळ समजू शकतो. संवेदनशीलता कमीजास्त करता येते ना, ते पाहावं. हालचाल टिपणारा कॅमेरा प्रत्येक झोक्याला बोंब ठोकतो. साडीच्या झोळीतलं बाळ तर बाजूने दिसतच नाही, नुसती साडी दिसते. कॅमेरा वरून बघेल असा बसवावा, मात्र वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांब. गळफासाचा धोका खरा आहे.

श्वास किंवा नाडी मोजणाऱ्या मोज्यांच्या नादी निरोगी बाळाच्या घराने लागू नये, असं माझं मत. तान्ही मुलं झोपेत मधूनच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतात आणि पुन्हा घेतात. ते स्वाभाविक आहे. झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशी यंत्रं वापरा, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही सांगत नाहीत. बाळाला उताणं, सपाट कडक गादीवर निजवा, हे मात्र आवर्जून सांगतात.

मला विचाराल तर छोट्या घराला नुसता आवाजाचा, इंटरनेटशिवायचा मॉनिटर पुरतो. ताईने फोनवर दिसणारा घेतला. त्याचा पासवर्ड मी पहिल्याच दिवशी बदलायला लावला. आपल्या खोलीचं दार तसं जगाकडे उघडं नको. पण त्याची खरी गंमत रात्री कळली. बाळाचं रडणं वायफायवरून कंपनीच्या कुठल्याशा सर्व्हरवर जाऊन ताईच्या फोनवर परत यायचं, आणि त्यात काही सेकंद जायचे. दाराआडून पहिला टाहो आला तशी ताई उठून गेली, बाळाला खांद्यावर घेतलं, ते गप्पही झालं. इकडे उशीपाशी पडलेला फोन अजून रडत होता.