लेखांक ७ : ‘स्वेच्छेने’

मागच्या लेखांकात समान वेतनाचा कायदा पाहिला. तो कामी येतो नोकरीत टिकलेल्या बाईच्या. या वेळी नोकरी सोडणाऱ्या बाईबद्दल.

माझ्या एका मैत्रिणीचा राजीनामा मी वाचला आहे. दोनच ओळी : कौटुंबिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. तेव्हा मुलगी नऊ महिन्यांची होती. पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं आणि ऑफिसातली रोजची मीटिंग सहाला सुरू व्हायची. नवऱ्याचं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर. पण मुलीला आणायला तू जात जा, असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि त्याच्याही मनात ते आलं नाही.

घरी राहून मूल वाढवणं हे कमी प्रतीचं काम आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या बाईला ते मनापासून हवं आहे, तिचा तो हक्क आहे. पण दुसरी वाटच बंद असेल, तर उरलेल्या वाटेला निवड म्हणायला माझं मन धजत नाही.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. ही मोठीच मजल. मात्र राज्य कामगार विमा योजना लागू नसेल, तर त्या रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा. मग लहान कंपनीत मुलाखतीलाच विचारलं जातं, ‘लग्न ठरलंय का?’ बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापासाठी त्या दुरुस्तीत एकही दिवस नाही. (पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या पाळणाघराच्या सक्तीबद्दल पुढच्या लेखांकात.)

हा भार कुणाचा, हा प्रश्न जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं, की मालकाची जबाबदारी आहेच, पण हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा; लोकांचं कल्याण हे आधी सरकारचं काम. पुढच्या वर्षी कायदा झाला, तोही भार मालकावर टाकूनच.

आणि जिथे धड मालकच सापडत नाही तिथे? बीडहून ऊसतोडीला निघणारं जोडपं म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी असो, पोटात मूल असो, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत जायचंच. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्यावर कॅन्सरची भीती घातली गेली, असं कितीतरी जणींनी सांगितलं. ‘पिशवी काढली,’ एवढंच त्या म्हणतात.

ऑपरेशनच्या आधी संमतीच्या कागदावर सही लागते. सही येत नसेल, तर अंगठा.