पूल अडतो तो पोचरस्त्यावर : सुरतच्या बाह्य वर्तुळमार्गाचा धडा

मोठ्या नदीपुलांच्या प्रगतीची वृत्ते वाचताना एक गोष्ट वारंवार आढळते. पात्रात खांब उभे राहतात, त्यांवर तुळया चढतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, 'काम ऐंशी टक्के पूर्ण' असे जाहीर होते आणि त्यानंतर वाहनांना मात्र कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही, ताटकळावे लागते. उरलेल्या वीस टक्क्यांत बहुतेक वेळा पुलाच्या दोन्ही टोकांचा पोचरस्ता दडलेला असतो. नदी सरकारची असते. तिच्या काठची जमीन कोणाची तरी असते. गोव्यात मडगावच्या पश्चिम बगलरस्त्याने आणि आता बोरीच्या नियोजित पुलाने हाच प्रश्न समोर आणला आहे. तो समजून घेण्यासाठी गुजरातमधील सुरत शहराकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण तापीकाठच्या या शहराने शहराबाहेरील वर्तुळमार्गासाठी जमीन मिळवण्याची वेगळी वाट धरली आहे. त्या वाटेचे फायदे आहेत, तसे धोकेही आहेत.

सुरतेचा इतिहासच वर्तुळांचा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर चाल केली, तेव्हा शहराभोवती धड तटबंदी नव्हती. पुढे पक्का तट बांधला गेला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्याही बाहेरून 'आलमपनाह' नावाचा दुसरा तट आला. या बाहेरच्या तटाच्या रेषेवरून आजचा रिंग रोड जातो. तो एकेकाळी शहराची सीमा होता. आज त्याच्या दुतर्फा कापडबाजाराच्या इमारती आहेत आणि तो शहराच्या ऐन मध्यात आला आहे. नदीपलीकडे रांदेर आणि अडाजण. १८७७ मध्ये झालेल्या होप पुलाने हे दोन्ही काठ जोडले. त्यानंतर एकामागून एक पूल होत गेले. अठवा आणि अडाजण यांना जोडणारा केबल-आधारित पूल २०१८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच्या रोषणाईपुढे सहलीला येणारे छायाचित्रे काढतात, परंतु अवजड मालवाहतुकीचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता आणि तो त्यासाठी बांधलेलाही नव्हता.

हा प्रश्न भूगोलातून येतो. शहराच्या पूर्वेकडून कडोदरा, कामरेजमार्गे मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. पश्चिमेला, तापीच्या उजव्या काठावर, हजीऱ्याची बंदरे, पोलाद आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आहेत. पार ओडिशातील पारादीपपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ तेथूनच सुरू होतो. मधल्या पट्ट्यात लाखो यंत्रमाग, कापडाच्या पेठा आणि हिऱ्यांचे कारखाने. या गर्दीत न शिरता एका बाजूची वाहने दुसऱ्या बाजूस जावीत, यासाठी सुमारे ६६ किलोमीटरचा बाह्य वर्तुळमार्ग आखण्यात आला. त्याचा काही भाग अस्तित्वात असलेल्या रस्त्यांचा आणि उरलेला नव्याने बांधावयाचा. या नव्या भागात पूर्वेला वालक आणि अब्रामा या गावांदरम्यान तापी ओलांडावी लागते.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने तापी सोपी नदी नाही, पण तिच्याशी कसे वागावे हे ठाऊक आहे. गाळ आणि वाळू यांच्या पात्रात पूर आला की तळ खरवडला जातो. म्हणून पाया त्या खरवडीच्याही खूप खाली न्यावा लागतो. त्यासाठी काँक्रीटची पोकळ विहीर आतली माती उपसत उपसत स्वतःच्या वजनाने खाली उतरवतात किंवा यंत्राने खोल भोके पाडून काँक्रीटचे खांब ओततात. विहीर एका बाजूला कलली तर ती सरळ करण्यात आठवडे जातात. शिवाय पावसाळ्याचे चार महिने पात्रातले काम जवळजवळ थांबते, म्हणजे तीन वर्षांच्या कंत्राटात नदीसाठी प्रत्यक्षात दोनच वर्षे हाती येतात. तरीही हा सारा विलंब आधी मोजता येतो आणि वेळापत्रकात धरताही येतो. जमिनीचा विलंब तसा मोजता येत नाही.

गोव्यात किंवा महाराष्ट्रात रस्त्यासाठी जमीन लागली की सहसा भूसंपादन होते. रेषेखाली ज्याचे शेत आले त्याचे शेत जाते, मोबदला मिळतो. शेजाऱ्याचे शेत रेषेपासून दहा मीटर दूर असेल तर त्याचे काहीच जात नाही, उलट रस्त्यालगत आल्याने त्याच्या जमिनीचा भाव वाढतो. एकाने गमावायचे आणि दुसऱ्याने कमवायचे, या विषमतेत बहुतेक खटल्यांचे मूळ आहे. सुरतेत जमिनीसाठी मुख्य भिस्त 'नगररचना योजना' या मार्गावर ठेवली गेली. ही कल्पना मुळात आपल्याच भागातली. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यातून ती आली. महाराष्ट्रात पुढे ती मागे पडली आणि अलीकडे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात पुन्हा हाती घेतली गेली. गुजरातने मात्र ती सोडली नाही. १९७६ च्या कायद्याने तिला आजचे रूप दिले.

तिची रीत अशी. रस्त्याच्या दोन्ही अंगांची शेकडो हेक्टर जमीन एकत्र धरायची आणि जुन्या वेड्यावाकड्या शेतांच्या जागी सरळ भूखंड आखायचे. प्रत्येक मालकाच्या जमिनीतून ठरावीक हिस्सा काढून उरलेली जमीन त्याला शक्यतो मूळ जागेजवळच परत द्यायची. काढलेल्या हिश्श्यातून रस्ते, उद्याने, शाळा-दवाखाने यांच्या जागा निघतात. काही भाग नियोजन संस्था विकते आणि त्या पैशांतून कामाचा खर्च भागवते. कायद्याने सुचवलेली वाटणी ढोबळमानाने रस्त्यांना १५ टक्के, उद्याने आणि मोकळ्या जागांना ५ टक्के, सामाजिक सुविधांना ५ टक्के आणि विक्रीसाठी १५ टक्के अशी आहे. म्हणजे सर्वांची थोडी थोडी जमीन जाते, कोणा एकाची सगळी जात नाही. पुढे झालेल्या सुधारणेमुळे योजनेच्या मसुद्याला मंजुरी मिळताच रस्त्याची जमीन ताब्यात घेता येते. भूखंडांचे अंतिम वाद मागाहून चालू राहिले तरी रस्ता थांबत नाही. अहमदाबादचा सुमारे ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड थोड्या वर्षांत उभा राहिला, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. सुरतेने तोच कित्ता गिरवला.

परंतु ही पद्धत सर्वांना मानवेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. साठ टक्के जमीन भूखंड म्हणून परत मिळणे हे विकू इच्छिणाऱ्याच्या सोयीचे आहे. कसू इच्छिणाऱ्याला त्या चौकोनी तुकड्याचा उपयोग थोडा. कुळे आणि शेतमजूर यांना तर वाटणीत स्थानच नसते. त्याहून मोठी गोम तिच्या अर्थकारणात आहे. रस्त्याचा खर्च काठच्या जमिनीच्या वाढत्या भावातून निघायचा असेल, तर काठाला वस्ती यावीच लागते. शहराला वळसा घालण्यासाठी बांधलेला मार्ग भरून निघण्यासाठी शहरालाच आमंत्रण देतो. आलमपनाहच्या तटाचे जे झाले, तेच या वर्तुळाचे पन्नास वर्षांनी होऊ शकते. प्रवेश-निर्गम मोजक्याच ठिकाणी ठेवले आणि स्थानिक वाहनांसाठी सेवा रस्ते वेगळे राखले, तर ते लांबवता येते. दुकानांची दारे थेट मुख्य रस्त्यावर उघडली की खेळ संपतो.

पोचरस्त्याची दुसरी कसोटी पाण्याची. सुरतेला ती वेगळी शिकवावी लागत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग ९ लाख क्युसेक्सच्या आसपास पोहोचला, त्यात समुद्राला भरती होती आणि शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. १९७२ मध्ये उकाई पूर्ण होण्यापूर्वीचा, १९६८ चा पूर तर याहूनही मोठा होता. सिंगणपोरचा बंधारा-पूल आजही दर पावसाळ्यात पाण्याची पातळी सहा मीटरवर गेली की वाहतुकीस बंद होतो. अशा पूरमैदानातून बगलरस्ता नेताना मातीचा उंच भराव घातला, तर तो रस्ता राहत नाही, त्याचे धरण होते. नदीवर कितीही लांब पूल बांधला तरी पात्राबाहेर पसरून वाहणारे पाणी भरावाला अडते, मागे फुगवटा धरते आणि ज्या गावांत पूर्वी गुडघाभर पाणी येई तेथे ते छातीपर्यंत चढते. उपाय सर्वज्ञात आहेत: भरावात पुरेशा रुंदीच्या मोऱ्या ठेवणे किंवा पूरमैदानावर रस्ताच खांबांवरून नेणे. दुसरा उपाय कितीतरी महाग असतो. म्हणून खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की पहिला बळी तोच जातो.

भरावाची आणखी एक अडचण आहे. खाडीलगतच्या मऊ चिखलावर माती टाकली की ती हळूहळू दबत राहते. खांबांवर उभा असलेला पूल जागचा हलत नाही, त्याला टेकलेला भराव खचतो आणि पुलाच्या तोंडाशी तो ओळखीचा धक्का बसू लागतो. हे टाळण्यासाठी चिखलातले पाणी बाहेर काढणारे उभे निचरे घालून, वर जादा माती रचून, जमीन दबण्याची काही महिने वाट पाहावी लागते. या काळात कामावर कोणी दिसत नाही आणि काम रखडल्याची ओरड होते. ती प्रत्येक वेळी रास्त असतेच असे नाही.

गोमंतकीय वाचकाला यातले बरेचसे परिचित वाटेल. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्यावर सुरावली–बाणावली पट्ट्यात नेमका हाच वाद झाला. मातीच्या भरावामुळे साळ नदीकडे जाणारे पाणी अडेल, म्हणून रस्ता खांबांवर उभारावा, अशी स्थानिकांची मागणी होती. मागणी अंशतः मान्य झाली, पण तोवर उरलेला रस्ता वर्षानुवर्षे अपुरा राहिला. पाण्याचा अभ्यास आखणीच्या वेळीच लोकांपुढे ठेवला असता, तर यातला बराच काळ वाचला असता. बोरीच्या नव्या पुलाबाबत लोटलीच्या शेतकऱ्यांचा आक्षेप पोचरस्त्यालाच आहे, कारण तो खाजन जमिनीतून जातो. आणि येथे सुरतचे उत्तर लागू पडत नाही. खाजन म्हणजे सुट्या शेतांचा समूह नसतो. बांध, मानशी, भरती-ओहोटीचे पाणी, कोमुनिदाद आणि कुळसंघ यांची ती एकत्र चालणारी व्यवस्था असते. तिच्यातला तुकडा काढून दुसरीकडे भूखंड दिला म्हणून बांध टिकत नाही. शिवाय किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध असलेल्या जमिनीत विकण्याजोगे भूखंड पाडण्याचा विचार मुळातच गैर. तेथे रेषा बदलणे किंवा खांबांची लांबी वाढवणे एवढेच पर्याय उरतात.

दुसरीकडे, नवा पूल नको असे म्हणणेही परवडणारे नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचाच होता. त्यानंतर दुसरा पूल होईपर्यंत पणजीने फेरीबोटींवर दिवस काढले. झुवारीचा जुना पूल थकल्यावर अवजड वाहने बोरीमार्गे वळवण्यात आली, म्हणजे एका पुलाचा भार दुसऱ्या जुन्या पुलावर गेला. गुजरातमध्येच ९ जुलै २०२५ रोजी महीसागर नदीवरील, १९८५ सालचा गंभीरा पूल भर वाहतुकीत तुटला आणि किमान २० जण प्राणास मुकले.

त्यामुळे कोणत्याही बगलरस्त्याच्या प्रगतीचा आकडा जाहीर झाला की तो कशाचा आहे हे विचारणे नागरिकांच्या हिताचे ठरते. खर्च झालेल्या रकमेची टक्केवारी आणि प्रत्यक्ष कामाची टक्केवारी या वेगळ्या गोष्टी आहेत. पोलाद आणि काँक्रीट महाग असल्याने पूल उभा राहताच पहिला आकडा झपाट्याने चढतो. पोचरस्त्याची किती टक्के जमीन कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष ताब्यात आहे, वीजवाहिन्या आणि जलवाहिन्या हलवल्या का, भरावात मोऱ्या किती आणि त्या कोणत्या पुराला पुरतील असे गृहीत धरले आहे, भारचाचणी केव्हा होणार, हे चार तपशील त्या आकड्यासोबत प्रसिद्ध व्हायला हवेत. ते प्रकल्प अहवालात असतातच; ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीत लावायला एक पान पुरते.