दशमीचा चंद्र आणि डिचोलीची खाण

पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र बघायचा असं तुमच्या मनात असेल, तर जरा थांबा. मीही तीच चूक केली होती. ईस्टरची तारीख २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेवरून ठरते, त्यामुळे पवित्र सप्ताहात आपल्याकडे लख्ख चांदणं असतं. तशाच एका रात्री डिचोलीच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी सेकंडहँड दुर्बीण लावली आणि दिसलं काय? डोळे दिपवणारी पांढरी थाळी. खड्डे नाहीत, डोंगर नाहीत.

कारण साधं आहे. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, म्हणून सावल्याच दिसत नाहीत. भर दुपारी पेडण्याचा सडा कसा सपाट वाटतो, तसंच. तोच सडा संध्याकाळी बघा, दगडादगडाची सावली लांब होते आणि उंच-सखल कळू लागतं. चंद्रावर ही 'संध्याकाळ' किंवा 'सकाळ' असते ती उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. म्हणून शुक्ल पक्षातली पंचमी ते दशमी हे दिवस उत्तम. आणखी एक सोय म्हणजे चंद्र बघायला काळोखं आकाश लागत नाही. मोपाच्या विमानतळाच्या दिव्यांनी पेडण्यातले तारे फिके पडले, तरी चंद्राचं काही बिघडत नाही.

माझी दुर्बीण ७० मिलिमीटर भिंगाची. १० मिलिमीटरचा आयपीस लावला की चंद्र सत्तरपट मोठा दिसतो. आधी लक्षात येतात ते काळे डाग. त्यांना 'सागर' म्हणतात, पण तिथे थेंबभर पाणी नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थिजला, त्याचं हे बेसॉल्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच, फक्त वयाने खूप लहान, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्याकडे ऊन-पावसाने खडक कुजून त्याचा तांबडा जांभा झाला. चंद्रावर ना पाऊस ना वारा, त्यामुळे तिथे जांभा नाही आणि जुनी खूण सहसा पुसलीही जात नाही.

दशमीला मी कोपर्निकस हे विवर शोधलं. कडा उजळलेली, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधोमध छोटे डोंगर. पप्पांना हाक मारली. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "हें आमच्या खणीभाशेन दिसता गो!"

पप्पांचा खनिजाचा ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. तो ट्रक अंगणात ताडपत्रीखाली गंजत राहिला आणि शेवटी भंगारात गेला. त्यावर पप्पा घरात कधी बोलत नसत. त्या रात्री मात्र त्यांनी मला खाणीतल्या पायऱ्या समजावल्या. सरळ कडा कापली तर ती ढासळते, म्हणून टप्प्याटप्प्याने खोदत जायचं.

मग मी त्यांना चंद्रावरच्या पायऱ्या सांगितल्या. तिथे उलटं झालं, कडा ढासळली म्हणूनच पायऱ्या झाल्या. सुमारे ८० कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड दगड येऊन आदळला. खड्डा पडला, त्याचा तळ उसळून वर आला ते मधले डोंगर, आणि भिंती घसरून टप्पे पडले. विवराची रुंदी ९३ किलोमीटर. आपला गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर! लोणारचं विवरही असंच आघाताने झालेलं, पण ते १.८ किलोमीटरचं. माझ्या दुर्बिणीतून तीन-चार किलोमीटरहून लहान खड्डा दिसत नाही. म्हणजे लोणार चंद्रावर असतं तर मला दिसलंच नसतं, आणि आमची खाणही नाही.

पप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आनी आमकां ती केदी व्हड दिसताली!"

जाता जाता आपल्या साहित्याच्या माणसांसाठी एक गोष्ट. या विवराला कोपर्निकसचं नाव दिलं ते रिच्चोली या जेझुइट धर्मगुरूने, १६५१ साली. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं त्याला तेव्हा ३५ वर्षं झाली होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं मत रिच्चोलीने आपल्या ग्रंथात मान्य केलं नव्हतं. तरी चंद्रावरच्या सर्वांत देखण्या विवरांपैकी एक त्याने कोपर्निकसलाच दिलं. पटत नसलेल्या माणसालाही मान देता येतो, हे मी चंद्रावर वाचलं.

पुढच्या शुक्ल दशमीला आभाळ मोकळं असेल तर डिचोलीला या. दुर्बीण मी लावते, पायऱ्या पप्पा समजावतील.