विरोध केला नाही, म्हणजे संमती होती?

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगाव सोडले की थोड्याच वेळात वडसा येते. वडसा म्हणजेच देसाईगंज. इथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसावा, असा त्या निकालातील तर्क होता. ती मुलगी मतिमंद नव्हती. तरीही मतिमंद स्त्रियांच्या संरक्षणाचा विचार याच निकालापासून सुरू करावा लागतो, कारण 'विरोध नाही म्हणजे संमती' हा तर्क सर्वांत जास्त त्यांच्यावरच उलटतो. समोरचा काय करतो आहे हेच जिला उमगत नाही, ती ओरडणार तरी कशी?

जुन्या कायद्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ९० सांगत होते की मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम न समजणाऱ्या व्यक्तीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे. इंग्लंडने १८८५ मध्ये अशा स्त्रियांसाठी वेगळा गुन्हा निर्माण केला, पण त्याला शिक्षा ठेवली जास्तीत जास्त दोन वर्षे. आपल्याकडे बलात्काराच्या व्याख्येत हा मुद्दा स्पष्ट शब्दांत यायला १९८३ उजाडले. देसाईगंजच्या निकालाविरुद्ध चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि त्या रेट्यातून ही दुरुस्ती झाली. पुढे २००३ मध्ये गोव्यातील एका मतिमंद मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमती आणि असहाय शरणागती यांतला फरक ठामपणे मांडला. केवळ प्रतिकार केला नाही यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे कायद्यात लिहिले गेले २०१३ मध्ये. मानसिक वा शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची सक्तमजुरीही तेव्हाच आली आणि भारतीय न्याय संहितेत ती कायम आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. असे कायदे या स्त्रियांचा प्रेमाचा, संसाराचा हक्कच काढून घेत नाहीत का? मला तसे वाटत नाही. कायदा निदानाचा कागद पाहून थांबत नाही. त्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम तिला कळत होते का, हे तो विचारतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर नजर शोषण करणाऱ्याकडे वळवली. दिव्यांग स्त्रीवर वर्चस्व गाजवता येईल अशा जागी असलेल्याने त्या जागेचा गैरफायदा घेतला, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. हक्क हिरावला जातो तो खरे तर काळजीच्या नावाखाली. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा पाळीतील स्वच्छतेचे कारण पुढे केले होते. गर्भाशय काढल्याने दिवस जाणार नाहीत, अत्याचार मात्र थांबत नाही. उलट तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते.

दुसरा आक्षेप साक्षीचा: पढवले तसे ती बोलेल, तिचा भरवसा काय? पण १८७२ च्या पुरावा कायद्यानेही अशा व्यक्तीला साक्षीस अपात्र मानले नव्हते. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आले की पुरे. आता तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक अथवा दुभाष्याच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह नोंदवायची आहे. आरोपीचा उलटतपासणीचा हक्क शाबूत आहेच. खरी अडचण प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे. तारीख विचारली तर ती गडबडते आणि ती गडबड खोटेपणा ठरते. 'रोवणीच्या आधी की नंतर? बाजाराच्या दिवशी की दुसऱ्या?' असे विचारले, तर ती सांगू शकते. सालेकसा, देवरीकडची एखादी मुलगी घरी गोंडी बोलत असेल, तर प्रश्न त्या भाषेत हवा.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रत्येक पोलीस ठाण्यात विशेष शिक्षक, दुभाषे आणि विधी साहाय्य देणाऱ्यांची यादी असावी. शाळांमधल्या दिव्यांग मुलांसाठी काम करणारे विशेष शिक्षक तालुक्याच्या पातळीवर आहेतच. त्यांची नावे ठाण्यात पोचवायला नवा कायदा लागत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांनी आपापल्या ठाण्यात जाऊन ही यादी आहे का, एवढे जरूर विचारावे. नसेल तर ती करायला लावावी.