अल्हम्ब्रा : राजवाडा आणि रुग्णालय

व्यवसायाने मी अस्थिरोगतज्ज्ञ. कलेचा अभ्यासक नव्हे. तरीही स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा मनात आला तो स्पेनमधील ग्रानादा शहराचा अल्हम्ब्रा राजवाडा. तिथे मी गेलो तो शिल्पकाम पाहायला आणि परतलो तो एका वैद्याची कहाणी मनात घेऊन. त्या दोहोंविषयी हे चार शब्द.

इसवी सन ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरले. युरोपीय लोक त्यांना ‘मूर’ म्हणत. पुढे शतकानुशतके त्यांची सत्ता फुलली आणि मग आक्रसत गेली. १२३६ मध्ये कोर्दोबा पडले, १२४८ मध्ये सेव्हिल. या पडझडीच्या काळातच, १२३८ मध्ये, मुहम्मद इब्न अल्-अहमर याने ग्रानादा हाती घेतले आणि नसरी घराण्याची स्थापना केली. डारो नदीकाठच्या साबिका टेकडीवर त्याने नव्या वाड्याकोटाचे काम सुरू केले. अरबी ‘अल्-हम्रा’ म्हणजे तांबडी. तटाच्या तांबूस रंगावरून हे नाव पडले असे मानतात. गंमत अशी की, हा सुलतान कास्तीलच्या ख्रिस्ती राजाचा मांडलिक होता, त्याला खंडणी देत होता. आणि त्याच्या घराण्याचे ब्रीद मात्र ‘ईश्वरावाचून कोणी विजेता नाही’ असे होते. हे ब्रीद अल्हम्ब्राच्या भिंतींवर असंख्य वेळा कोरलेले आहे. पहिल्या दालनात ते अभिमानाचे वाटते; दहाव्या दालनात तेच एखाद्या सांत्वनासारखे वाटू लागते.

टेकडीवर पाणी नव्हते. म्हणून सुमारे सहा किलोमीटर वरच्या अंगाला डारो नदी अडवून तिचे पाणी उताराने कालव्यातून आणले गेले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उताराचा हिशेब. त्याच पाण्यावर बागा, स्नानगृहे, हौद आणि कारंजी चालली. आम्हा इंदूरकरांना मांडूच्या जहाजमहालातील वळणावळणांची पाण्याची पन्हळ लहानपणापासून ठाऊक आहे. पाण्याला घरातील माणसासारखे वागविणारी तीच दृष्टी मला येथेही दिसली.

आजचे वैभव प्रामुख्याने चौदाव्या शतकातले, पहिला युसुफ (१३३३-१३५४) आणि त्याचा पुत्र पाचवा मुहम्मद यांच्या काळातले. कोमारेस मनोऱ्यातील दरबाराच्या दालनाचे छत लाकडाच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांचे आहे; त्यातील ताऱ्यांच्या रांगा म्हणजे सात स्वर्ग. सिंहांच्या चौकात १२४ सडपातळ संगमरवरी खांब आहेत आणि मधोमध बारा सिंहांच्या पाठीवर कारंज्याचे पात्र. खांबांच्या सांध्यांत शिशाचे पातळ पत्रे घातलेले आहेत, म्हणजे हादरा बसला तर दगड दगडावर घासू नये. सांध्यातील कूर्चेचे काम शिसे करते, असे मी मनात म्हटले.

पण मला सर्वांत जवळचे वाटले ते गिलाव्याचे काम. ‘दोन बहिणींचे दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीचे घुमटाकार छत मधाच्या पोळ्यासारखे दिसते. सुमारे पाच हजार लहान-लहान लोलकाकृती तुकडे एकमेकांना टेकून ते तयार झाले आहे. हे तुकडे जिप्समचे, म्हणजे आपल्याच प्लास्टरचे! जिप्सम तापविले की त्यातील पाणी उडते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती उष्णता सोडीत घट्ट होते. मोडलेल्या मनगटाला प्लास्टर घालताना तळहाताला जाणवणारी ऊब साडेसहाशे वर्षांपूर्वी त्या कारागिरांच्या हातांनाही जाणवली असेल. आम्ही ते सहा आठवड्यांसाठी घालतो. त्यांनी घातलेले अजून उतरलेले नाही.

आता त्या वैद्याकडे वळतो. १३४८ मध्ये युरोपात थैमान घालणारी प्लेगची महामारी या राज्यातही पोहोचली. भिंतींसाठी काव्य रचणारा दरबारचा कवी-वजीर इब्न अल्-जय्याब १३४९ मध्ये तिला बळी पडला. त्याच्यानंतर आला लिसानुद्दीन इब्न अल्-खतीब : वजीर, इतिहासकार, कवी आणि वैद्य. त्याने प्लेगवर एक प्रबंध लिहिला. संसर्ग असा काही नसतोच, असे धर्मवचनाच्या आधारे म्हणणारे पंडित त्या काळी होते. इब्न अल्-खतीबने उत्तर दिले, की अनुभव, शोध, इंद्रियांची साक्ष आणि खात्रीची वार्ता या सर्वांनी संसर्ग सिद्ध झाला आहे. रुग्णाच्या संपर्कात येणारा आजारी पडतो, दूर राहणारा वाचतो. कपडा, भांडे, कानातले डूल यांतूनही रोग घरात शिरतो. निरोगी बंदरात बाधित मुलखातून गलबत आले की तेथे साथ सुरू होते. आणि प्रत्यक्ष पुराव्याला वचन विरोधी दिसत असेल, तर वचनाचा अर्थ नव्याने लावला पाहिजे. प्लेगचा जंतू येर्सिनला हाँगकाँगमध्ये सापडला तो १८९४ साली आणि मुंबईत प्लेग उसळला तो १८९६ साली. त्याच्या साडेपाच शतके आधी हे लिहिले गेले. २०२० साली रुग्णाच्या नातेवाइकांना ‘लांब उभे राहा’ म्हणून विनविताना मला या माणसाची फार आठवण झाली.

त्याचा शेवट चांगला झाला नाही. दरबारी वैर वाढले, तेव्हा १३७१ मध्ये तो मोरोक्कोत निघून गेला. त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला. तो चालविण्यासाठी फेज शहरी जाणाऱ्यांत त्याचाच शिष्य, कवी इब्न जम्रक होता. १३७४ मध्ये इब्न अल्-खतीबचा तुरुंगात गळा आवळण्यात आला. आज सिंहांच्या कारंज्याच्या काठावर आणि दोन बहिणींच्या दालनात जे काव्य कोरलेले दिसते, ते याच शिष्याचे. ते अतिशय सुंदर आहे. आणि हे ठाऊक झाल्यावर ते पूर्वीसारखे पाहता येत नाही.

नदीच्या पलीकडे, अल्बाइसीन वस्तीत, पाचव्या मुहम्मदाने १३६५ ते १३६७ या काळात गरीब रुग्णांसाठी एक मारिस्तान, म्हणजे रुग्णालय बांधले. इब्न अल्-खतीब तेव्हा वजीर होता. चौकात हौद आणि त्यात पाणी सोडणारे दोन दगडी सिंह, अशी त्याची रचना होती. रुग्णांनाही वाहत्या पाण्याचा नाद ऐकू यावा, हा विचार मला अल्हम्ब्राच्या कोणत्याही छताहून मोठा वाटतो. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या स्वाधीन झाले. पुढे त्या रुग्णालयाची टांकसाळ झाली आणि १८४३ मध्ये बरीचशी इमारत पाडण्यात आली. ते दोन सिंह आज अल्हम्ब्राच्या संग्रहालयात आहेत.

राजवाड्यालाही घाव बसलेच. पाचव्या चार्ल्सने १५२७ पासून त्याला खेटून आपला प्रासाद उभारला. १८१२ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने काही बुरूज सुरुंगाने उडविले. पण वॉशिंग्टन आयर्विंगने १८३२ मध्ये त्याच्या कथा प्रसिद्ध केल्या, जगाचे लक्ष वेधले गेले, डागडुजी झाली आणि १९८४ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. सौंदर्याला वाली मिळाला. सेवेच्या वास्तूला वेळेवर मिळाला नाही.

आपणही आपल्या गावातील जुने दवाखाने, धर्मार्थ रुग्णालये, त्यांच्या नोंदवह्या आणि कोनशिला यांच्याकडे एकदा या दृष्टीने पाहावे, एवढीच वाचकांना विनंती. ते पाडले गेल्यावर उरतात ते संग्रहालयातले दोन सिंह. त्यांच्या तोंडातून पाणी येत नाही.