कलावंताचा कित्ता

कलावंत हा लहरी असावयाचा, अशी एक समजूत समाजांत फार दिवस रूढ आहे. स्फूर्ति आली म्हणजे त्यानें रात्रीचा दिवस करावा, आणि ती आली नाहीं तर आठ-आठ दिवस हातावर हात ठेवून बसावें, हेंच जणूं त्याचें शील, असें मानलें जातें. गवयाच्या बाबतींत मात्र ही समजूत टिकत नाहीं. पहांटेस उठून षड्ज लावणारा, एकच पलटा शंभर वेळां घोटणारा गवई सर्वांच्या परिचयाचा आहे. आणि पहिलवानास तालीम चुकवून चालत नाहीं, हेंही कोणास सांगावें लागत नाहीं. मग चित्रकारानें, मूर्तिकारानें किंवा लेखकानें तेवढें स्फूर्तीची वाट पाहत बसावें, हें कोणत्या न्यायानें?

खरा प्रश्न निराळाच आहे. नित्य काम करण्याची संवय चांगली, हें सर्वांस मान्य आहे; पण ती लागते कशी? ज्यास लहानपणीं गुरु भेटला त्याचें ठीक. परंतु ज्याचें वय उलटून गेलें, ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, आणि ज्याचा हात उपजत सफाईदारही नाहीं, त्यानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर एका डच चित्रकाराच्या चरित्रांत फार स्पष्टपणें सांपडतें. तो चित्रकार म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. वेडाच्या भरांत स्वतःचा कान कापून घेणारा चित्रकार म्हणून त्याचें नांव जगभर झालें. परंतु त्या एका कथेच्या आड त्याच्या चरित्रांतील शिकण्यासारखी गोष्ट झांकली गेली. ती गोष्ट म्हणजे त्याच्या कामाची शिस्त.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजीं हॉलंडमधील झुंडर्ट या गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. सोळाव्या वर्षीं तो चित्रें विकणाऱ्या एका पेढींत नोकरीस लागला. १८७६ सालीं ती नोकरी गेली. पुढें त्यानें इंग्लंडांत मास्तरकी केली, पुस्तकांच्या दुकानांत काम केलें, धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभून अर्ध्यावर सोडला, आणि शेवटीं बेल्जममधील बोरिनाज नांवाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखांत तो मजुरांना धर्मोपदेश करूं लागला. १८७९ सालीं तेंही काम सुटलें. १८८० सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें चित्रकार होण्याचें ठरविलें. ज्या वयांत इतर माणसें संसारांत स्थिर झालेलीं असतात, त्या वयांत हा गृहस्थ मुळाक्षरें गिरवावयास बसला. त्या आरंभींच्या चित्रांतील माणसांचे हातपाय लांकडी वाटतात, आणि अंगावरचे कपडे कोणी दुसऱ्याचे आणून घातल्यासारखे दिसतात. पुढें या हातून कांहीं मोठें घडेल, असें भाकित त्या वेळीं कोणीही केलें नसतें.

त्यानें पहिली गोष्ट केली ती शाळेंतील मुलाची. त्यानें कित्ता मागविला. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराची एक पाठमाला त्या काळीं विद्यार्थ्यांत प्रसिद्ध होती. तींत कोळशानें रेखाटण्याच्या अभ्यासाचे साठ तक्ते होते. आपल्या जुन्या पेढीच्या हेग येथील व्यवस्थापकाकडून व्हिन्सेंटनें ते उसने आणविले, आणि खाणमजुराच्या घरांतील एका लहानशा, पुरेसा उजेडही नसलेल्या खोलींत बसून तो ते एकामागून एक उतरवूं लागला. कित्त्याचा मोठा गुण असा, कीं 'आज काय काढावें' हा प्रश्नच तो शिल्लक ठेवीत नाहीं. नवशिक्याचा निम्मा वेळ विषय शोधण्यांत जातो, आणि विषय सांपडेपर्यंत उत्साह ओसरतो. तक्ता पुढें असला म्हणजे बसावयाचें आणि आरंभ करावयाचा, इतकेंच उरतें. मन विषयाच्या काळजींतून मोकळें झालें कीं सगळें लक्ष प्रमाणावर, रेषेवर आणि छायेवर राहतें. कालच्या तक्त्याशेजारीं आजचा ठेवला तर हात किती सुधारला हेंही दिसतें. आणि ही सुधारणा डोळ्यांनीं दिसणें, हेंच संवयीचें पहिलें खतपाणी होय.

दुसरी गोष्ट साधनाची. १८८२ सालीं हेग शहरांत राहत असतां त्यानें कारागिरांकडून एक चौकट करवून घेतली. चौकटींत दोऱ्या ताणलेल्या, आणि ती जमिनींत रोंवलेल्या दोन दांड्यांवर हवी तेवढी वरखालीं बसविण्याची सोय. या चौकटींतून समोरचें शेत पाहिलें म्हणजे झाडाचा शेंडा कोणत्या दोरीपाशीं येतो, रस्ता कोठें अरुंद होतो, हें तत्काळ नजरेस येतें. कागदावर तशाच रेषा आंखून ठेवल्या कीं दूरचें लहान आणि जवळचें मोठें हा हिशेब चुकत नाहीं. आपल्याकडे नाटकाचे पडदे रंगविणारे चित्रकार लहान चित्रावर चौकोन पाडून तें मोठ्या पडद्यावर उतरवीत, त्याच जातीची ही युक्ति. अशा साधनास कुबडी समजून लाजणारे पुष्कळ असतात. व्हिन्सेंट लाजला नाहीं. समुद्रकांठच्या वाळूच्या टेंकड्यांवर तो ती चौकट घेऊन हिंडला, आणि पुढें फ्रान्समध्येंही त्यानें ती वापरली. ज्या ठिकाणीं चूक वारंवार होते, तेथें नुसता निश्चय करून भागत नाहीं. ती चूक होऊंच नये अशी व्यवस्था करावी लागते, हें त्यानें ओळखलें होतें.

तिसरी गोष्ट मोठें काम लहान करून घेण्याची. १८८४-८५ च्या हिवाळ्यांत तो न्यूनेन या खेड्यांत होता. अनेक माणसांचें एक मोठें चित्र काढण्याची त्याची आकांक्षा होती, परंतु हात अद्याप तयार नाहीं हें तो जाणून होता. म्हणून त्यानें शेतकरी स्त्रीपुरुषांचे एकेकटे चेहरे रंगविण्यास आरंभ केला. पन्नास चेहरे करावयाचे असा संकल्प होता. त्यांपैकीं चाळीसांच्या आसपास सिद्धीस गेले. मग एप्रिल-मे १८८५ मध्यें 'बटाटे खाणारे' हें चित्र उभें राहिलें. एका दिव्याखालीं पांच माणसें जेवावयास बसलेलीं आहेत. ज्या हातांनीं त्यांनीं जमीन खणली, तेच हात आतां ताटाकडे जात आहेत, हें पाहणाऱ्यास जाणवावें अशी चित्रकाराची इच्छा होती. व्हॅन राप्पार्ड या चित्रकार मित्रानें त्याची छापील प्रत पाहून कठोर टीका केली, आणि ती मैत्री पुढें टिकली नाहीं. व्हिन्सेंट दुखावला, पण त्या उन्हाळ्यांत तो शेतांत राबणाऱ्या माणसांचीं मोठमोठीं रेखाटनें करीत राहिला. टीकेचें उत्तर वादानें द्यावें कीं कामानें, हा प्रश्न प्रत्येक कलावंतापुढें येतो. व्हिन्सेंटनें वादही घातला, पण तो तेवढ्यावर थांबला नाहीं.

चौथी गोष्ट एका वेळीं एकच प्रश्न सोडविण्याची. १८८६ सालीं तो पॅरिसमध्यें आपला धाकटा भाऊ थिओ याच्या बिऱ्हाडीं राहावयास आला. तेथील नव्या चित्रकारांचीं उजळ चित्रें पाहून आपले रंग काळपट आहेत हें त्याच्या ध्यानीं आलें. समोर माणूस बसवावयाचा तर त्यास पैसे द्यावे लागत, आणि पैसे नव्हते. म्हणून त्यानें फुलें घेतलीं. अफूचीं लाल फुलें, गुलाब, पिवळी शेवंती यांचीं चित्रें एकामागून एक काढून त्यानें निळ्याशेजारीं नारिंगी, तांबड्याशेजारीं हिरवा, पिवळ्याशेजारीं जांभळा कसा खुलतो याचा अभ्यास केला. रंगीत लोकरीचे धागे एकत्र गुंडाळून तो रंगांच्या जोड्या पारखून पाही. त्या गुंड्या एका लाल डब्यांत ॲमस्टरडॅमच्या त्याच्या नांवाच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. माणसाचा चेहरा हवा असेल तेव्हां तो आरशापुढें बसे; त्याचीं पुष्कळशीं आत्मचित्रें याच काळांतलीं आहेत. साधन नाहीं म्हणून काम नाहीं, ही सबब त्यानें स्वतःस कधीं सांगितली नाहीं. १८८८ सालीं तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथें गेला, तेव्हां तेथील सोसाट्याच्या वाऱ्यापुढें चित्राची घोडी उभी राहीना. त्यानें घोडीच्या पायांशेजारीं हातभर लांबीच्या लोखंडी मेखा जमिनींत ठोकल्या, सर्व दोरखंडानें बांधलें, आणि वाऱ्यांतच रंगविण्यास आरंभ केला.

या सर्व कामाचा एक रोजमेळही होता. तो म्हणजे थिओस लिहिलेलीं पत्रें. व्हिन्सेंटचीं सुमारें ८२० पत्रें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील बहुतेक या भावास लिहिलेलीं आहेत. काय काढलें, कोठें फसलें, कोणता रंग संपला, उद्यां काय करावयाचें, हें तो त्यांत लिहीत असे, आणि पुष्कळदां चालू चित्राचें लहानसें रेखाटनही जोडीत असे. थिओ त्यास खर्चासाठीं तनखा पाठवी. १८८२ च्या सुमारास तो महिन्यास १५० फ्रँक होता. ज्याच्या पैशावर आपण जगतों त्यास कामाचा हिशेब द्यावा, ही भावना त्या पत्रांतून सतत जाणवते. एकट्यानें केलेला नेम सहज मोडतो. दुसऱ्या कोणास सांगून केलेला नेम मोडतांना मनास लाज वाटते. कलावंतास प्रशंसक नसले तरी चालतील, पण आज काय केलें असें विचारणारें एक तरी माणूस असावें.

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं ही शिस्त सर्वांगीं पूर्ण होती. तसें मात्र नव्हतें, आणि तें लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. व्हिन्सेंटनें हाताला नियम लावले, देहाला लावले नाहींत. रंग व कापड यांवर पैसे खर्चून तो जेवणांत काटकसर करी. आर्लमध्यें १८८८ च्या ऑक्टोबरांत एकदां हातचे पैसे संपल्यावर त्यानें चार दिवस मुख्यतः तेवीस कप कॉफी आणि पाव यांवर काढले. मद्य आणि तंबाखूही होतेच. त्याच वर्षाच्या २३ डिसेंबरास त्याचा आजार प्रथम भयंकर रूपानें प्रगट झाला. उपाशी राहण्यानेंच तो आजार जडला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु विश्रांति आणि अन्न हींही कामाचीं साधनें आहेत, आणि कुंचला धुवून ठेवणाऱ्यानें हातालाही तितकेंच जपलें पाहिजे, हें त्याच्या चरित्रावरून कोणीही शिकावें. जी संवय माणसास खाऊन टाकते ती कितीही तेजस्वी दिसली तरी अर्धीच होय.

मे १८८९ मध्यें तो आपण होऊन सेंट रेमी येथील मनोरुग्णालयांत दाखल झाला. उन्हाळ्यांत आजाराचा मोठा झटका आला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्यास खोलीबाहेर जाववेना. अशा वेळीं तो पुन्हां कित्त्याकडे वळला. मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकामाच्या चित्रांचे काळेपांढरे ठसे त्याच्यापाशीं होते; तें पुढें ठेवून तो स्वतःच्या रंगांत चित्रें रंगवूं लागला. मिलेवरून केलेलीं अशीं सुमारें वीस चित्रें आहेत. गवई जशी परंपरेची चीज घेऊन ती आपल्या गळ्यानें गातो, तसेंच हें काम आहे, अशा आशयाचा खुलासा त्यानें पाश्चात्य संगीताचा दाखला देऊन केला होता. मन स्वतः कांहीं निर्माण करण्याच्या स्थितींत नव्हतें. पण हातास मार्ग माहीत होता. सुखाच्या दिवसांत लावून घेतलेली संवय दुःखाच्या दिवसांत माणसास कशी धरून ठेवते, याचें हें उदाहरण आहे. तिनें आजार बरा केला नाहीं. मधल्या बऱ्या दिवसांस मात्र तिनें अर्थ दिला.

मे १८९० मध्यें व्हिन्सेंट पॅरिसजवळच्या ओव्हेर या गांवीं राहावयास गेला. तेथें सुमारें सत्तर दिवसांत त्यानें जवळ जवळ तितकींच चित्रें रंगविलीं. आर्लचीं सूर्यफुलें, सेंट रेमीचें तारांकित आकाश, हीं सर्व तोंपर्यंत होऊन गेलीं होतीं. अशा वेळीं, जून महिन्यांत, त्यानें थिओकडे एक वस्तु मागितली. ती म्हणजे बार्गचे तेच साठ तक्ते. मानवी देहाच्या प्रमाणाचा अभ्यास पुन्हां केला नाहीं तर पुढें घोटाळा होईल, अशी त्यास भीति वाटत होती. साठ तक्ते महिनाभरांत, म्हणजे दिवसास दोन, असा हिशेबही त्यानें कळविला होता. २७ जुलै रोजीं त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि २९ जुलैस, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. दहा वर्षांच्या कामांत त्यानें साडेआठशेंहून अधिक तैलचित्रें आणि हजाराहून अधिक रेखाटनें मागें ठेवलीं.

ज्यास उशीर झाला असें वाटतें, त्यानें या मागणीचा विचार करावा. ज्या पुस्तकानें सत्ताविसाव्या वर्षीं आरंभ केला, तेंच पुस्तक सदतिसाव्या वर्षीं मागण्यांत त्या माणसास कमीपणा वाटला नाहीं. रोज बसण्याची एक ठरलेली वेळ, पुढें ठेवलेला एक कित्ता, चूक टाळणारें एक साधें साधन, आणि दिवसाचा हिशेब ऐकणारें एक माणूस, इतकें कोणाच्याही घरीं जुळून येऊं शकतें. त्यांत वेळेवर जेवण आणि झोंप यांची भर घालावी, म्हणजे व्हिन्सेंटच्या शिस्तींत जें उणें राहिलें तेंही भरून निघेल. स्फूर्ति येईल त्या दिवशीं ती येवो. ती आली तेव्हां हात कोळशानें काळा झालेला असावा, म्हणजे तिला दारांत तिष्ठत राहावें लागणार नाहीं.